नळीच्या दांड्यावरचा मणी

नाव ओळखपत्राप्रमाणे, एरवी सगळे ‘काचवाले मामा’ म्हणतात. वय ६८ वर्षे. धंदा प्रयोगशाळांसाठी काचेच्या नळ्या फुंकून देण्याचा. राहणार स्वतःच्या कामशाळेच्या वरच्या मजल्यावर, मुलीसह.

विचारल्यावरून समक्ष हजर राहून जबाब देतो की, मी वरील ठिकाणी अठरा वर्षे कामशाळा चालवतो. त्यापूर्वी सत्तावीस वर्षे एका संशोधन संस्थेत ग्लासब्लोअर म्हणून नोकरीस होतो. वाफ थंड करून थेंब गोळा करणारी वेटोळी नळी हे माझे मुख्य काम. अशा किती केल्या ते मोजलेले नाही.

मागील सोमवारी सकाळी अकराच्या सुमारास पोलीस कामशाळेत आले. एका कंपनीच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्राने स्वतः शोधलेला नळीचा नमुना मी चोरून विकतो, अशी तक्रार असल्याचे समजले. नमुन्याचे पेटंट कंपनीच्या नावे आहे. पंचनामा करून माझ्या नऊ नळ्या आणि बर्नर नेला. हवालदारांनी नळ्या नीट कापडात गुंडाळल्या, हेही लिहून घ्यावे. गल्ली बघत होती.

दुसऱ्या दिवशी कंपनीचा निरोप आला की, मी नक्कल केली एवढे लिहून दिले तर तक्रार मागे घेऊ. मुलगी म्हणाली, “बाबा, द्या ना लिहून. या वयात कोर्टकचेऱ्या झेपणार आहेत का?” मी म्हणालो, “देतो की. पण मग पंचेचाळीस वर्षं मी काय फुंकत होतो, ते तू सांग.” ती आत गेली आणि तिने मला न विचारता वकीलबाईंना फोन केला.

वकीलबाई मूळच्या शास्त्रज्ञ. चोवीस वर्षांपूर्वी संस्थेत लागल्या तेव्हा सव्वीसच्या होत्या. पहिल्याच आठवड्यात माझ्या तीन नळ्या फोडल्या. दिसेल त्याला ‘का’ विचारायची सवय. मी पुष्कळदा वैतागलो. वही मात्र अशी ठेवायच्या की बघत राहावे. खोडरबर वर्ज्य. चुकले तर एकच रेघ मारायची, खालचे वाचता आले पाहिजे, शेजारी सही. रोज संध्याकाळी पानाखाली कोणीतरी ‘वाचले व समजले’ लिहून साक्षीची सही करायची. तो कोणीतरी बहुधा मी. मी न वाचता सही करत असे, हे आज कबूल करतो.

अठरा वर्षांपूर्वी संस्था बंद झाली. चित्रे, फोटो, नोंदी याच कंपनीने कपाटांसकट घेतल्या. बाईंनी सर्वांसमक्ष विचारले, “आणि मामांच्या हातचं जे यात आहे, ते कोणाचं?” कंपनीची माणसे कपाटे उचलत राहिली. स्वतःच्या वहीची प्रत तेवढी त्यांनी रीतसर मागून घेतली आणि त्याच वर्षी कायद्याच्या कॉलेजात नाव घातले. आता त्या यंत्रांच्या बुद्धीचे आणि शोधांच्या मालकीचे खटले चालवतात. बत्तिसाव्या वर्षी पहिल्या बाकावर जाऊन बसायला काय लागत असेल, मला कल्पना नाही.

आज सकाळी दहा वाजता याच ठाण्यात साहेब, हवालदार, कंपनीचे अधिकारी, त्यांचे इंजिनिअर, मुलगी, वकीलबाई आणि मी हजर होतो. बाईंनी कंपनीची नळी आणि माझी नळी टेबलावर शेजारी ठेवली. दोन्हींच्या दांड्यावर बाहेरून काचेचा मण्याएवढा उंचवटा आहे. त्यांनी विचारले, “हा मणी कशासाठी?”

अधिकाऱ्यांनी पेटंटच्या कागदातून वाचले की, त्यामुळे वाफेची कंपने नियंत्रित होतात. बाई म्हणाल्या, “वाफ आत, मणी बाहेर. बरं, असू दे.” मग इंजिनिअरना म्हणाल्या, “यंत्राकडून वीस नव्या नळ्या काढून घ्या. लांबी, जाडी, वेटोळी, हवं ते बदला. छापायच्या मात्र खऱ्या मापात.”

ठाण्याच्याच प्रिंटरवर वीस कागद निघाले. वीसही नळ्या वेगवेगळ्या. काही तर इतक्या देखण्या की माझा हात शिवशिवला. मणी मात्र विसाच्या वीस नळ्यांवर, डाव्या टोकापासून सात सेंटीमीटरवर.

बाई म्हणाल्या, “मामा, नळी धरता तसा हात ठेवा.” मी डावा हात कागदावर ठेवला. एकतिसाव्या वर्षी करवतीत या हाताची तर्जनी अर्धी गेली. मणी बरोबर त्या थोटक्याखाली आला. दुसऱ्या कागदावर ठेवला, तिथेही. पाचव्या कागदानंतर हवालदारांनी लिहिणे थांबवले. साहेब खुर्चीतून उठून टेबलाशी आले.

मग बाईंनी वही उघडली. चोवीस वर्षांपूर्वीचे पान. मण्यासह आणि मण्याशिवाय अशा बारा-बारा नळ्यांचे थेंब मोजलेले. ‘फरक नाही. मग का?’ खाली लिहिले होते, ‘काचवाले म्हणतात, नळी गडगडू नये म्हणून.’ त्यावर एक रेघ. त्याखाली, ‘पुन्हा विचारले. बोट नाही, फिरवताना नळी निसटते, ती अडावी म्हणून.’ आणि साक्षीदार म्हणून सही माझीच.

बोट नाही हे सगळ्यांना दिसत होते. नळी निसटते हे मी आजवर बाईंखेरीज कोणाला, मुलीलाही, कळू दिले नव्हते. नोकरी जाईल अशी तेव्हा भीती होती आणि पुढे लाज वाटत राहिली. मुलीने वही वाचली आणि माझा हात धरला. बराच वेळ सोडला नाही.

इंजिनिअर हळूच म्हणाले, “आम्ही यंत्राला मण्याबद्दल काही सांगितलंच नव्हतं. फक्त जुने फोटो दाखवले.” मला खरे तर संताप यायला हवा होता. मी नुसता बघत राहिलो. ज्याला हातच नाहीत, ज्याने माझा हात कधी पाहिला नाही, त्याने माझ्या गेलेल्या बोटासाठी वीस वेळा जागा राखली होती. माझ्या सख्ख्या भावाला ते बोट डावे की उजवे हे आठवत नाही. आणि ही बाई चोवीस वर्षे ते पान सांभाळून होती. दोघांपैकी कोणाचे नवल अधिक करावे, ते मला ठरवता आले नाही.

माझी यंत्राविरुद्ध तक्रार नाही. नक्कल केल्याचे मी लिहून देणार नाही. बर्नर परत मिळावा.

जबाब हवालदारांनी सावकाश वाचला, या वेळी मी शेवटपर्यंत लक्ष देऊन ऐकला. एका ठिकाणी ‘डाव्या हाताचे बोट निकामी’ असे लिहिले गेले होते. त्यातील ‘निकामी’ या शब्दावर एक रेघ मारून शेजारी सही केली आहे. बाकी मी सांगितले तसेच आहे.