बिनसाखरेचा चहा

(सारोळ्याच्या पुलाजवळ रखमाजीचं चहाचं हॉटेल. टळटळीत दुपार, गिऱ्हाईक नाही. विंझरहून एस्टीनं आलेली जाईबाई बाहेरच्या फळीवर बसली आहे.)

रखमाजी : ...फौजदारानं इचारलं तवाबी म्या हेच सांगितलं. सोनबा ड्रायव्हर माझ्या दारात पडला, पर माझ्या हातनं त्याचं काय वाईट झालं न्हाई.

जाईबाई : वाईट केलं आसं कुठं म्हणते म्या? माझा मालक गेला तवा तुमी जवळ होता. म्हणून इचारते. त्यांच्या तोंडाला दारूचा वास होता का?

रखमाजी : आता बाई, टरक पुलाच्या कठड्याला घासत आला. जोरात न्हाई, बैलगाडी यावी तसा. खरचटलंबी न्हवतं त्याला. पर खाली उतरवला तर पाय लटपटत होते, अंगाला दरदरून घाम, जीभ जड. एकाला शिवी दिली त्यानं. सोनबा शिवी देणारा गडी न्हवं. मग समदी म्हणली, टाकून आलाय.

जाईबाई : वास होता का?

रखमाजी : जमादारानं तर नाकच लावलं न्हाई. लांबनंच वळखला म्हणाला. त्यात खिशात गुळाचा खडा घावला. म्हणाला, भट्टीवाल्यांना गूळ पुरवीत आसंल ह्यो. न्हाईतर गडीमाणूस खिशात गूळ घालून कशाला हिंडंल?

जाईबाई : म्या घातला होता तो गूळ.

रखमाजी : तुमी?

जाईबाई : त्यांना साखरेचा आजार होता. दोन वर्सं रोज सकाळी म्या त्यांच्या मांडीत सुई टोचत होते. टोचल्यावर खावंच लागतं. न्हाई खाल्लं तर अंगातली साखर पार उतरती आन् माणूस प्याल्यावानी करतो. पुण्याच्या डॉक्टरनं बजावलं होतं, आसं झालं की आधी तोंडात गोड घाला. घटकाभरात उठून बसंल. त्या दिशी सुई झाली आन् टरकमालकाचा सांगावा आला. भाकरी तव्यावर सोडून गेले.

रखमाजी : हे कुणाकुणाला ठावं होतं?

जाईबाई : मला.

रखमाजी : आन् क्लीनरला?

जाईबाई : त्याला सांगितलं की टरकमालकाला कळलं. मालकाला कळलं की दुसऱ्या दिशी हातातली चावी गेली. आमच्या वस्तीतला टरकावर बसलेला पहिला माणूस तो. वस्तीलासुदिक सांगितलं न्हाई. मला शपथ घातली होती.

रखमाजी : आमाला काय सपान पडणार होतं का, बाई? आमी आमच्या परीनं केलं. डोक्यावर घागर ओतली. लिंबू पिळून तोंडात घातलं. नशा उतरायला तेच करत्यात.

जाईबाई : व्हय. नशा उतरायला तेच करत्यात.

रखमाजी : आन् खोटं बोलत न्हाई, शुद्ध होती तवर त्यानं चुलीकडं हात केला. तोंडानं बोलता येईना, हात मातुर करीत होता. म्या लगीच चहा केला. एरवी तुमच्या लोकांचा कप बाहेर खिळ्याला, तुमाला ठावंच हाय. त्या दिशी आतला कप काढला म्या. चारचौघं बघत होती, तरी काढला.

जाईबाई : कप आतला. आन् चहा?

रखमाजी : त्याचा नेहमीचा. दोन वर्सं त्याचा चहा येगळा, बिनसाखरेचा. म्या चेष्टा करायचो, साखर महागली म्हणून व्रत धरलंस का रं? शेजारचा गेनबा म्हणत होता, चांगला गोड दे, तरतरी येईल. म्या त्यालाच दटावलं. म्हणलं, माझं रोजचं गिऱ्हाईक हाय, साखरेला शिवत न्हाई...

जाईबाई : बोला की पुढं.

रखमाजी : बाई, तुमी आत्ता म्हणला, गोड घातलं आसतं तर...

जाईबाई : व्हय.

रखमाजी : समदा कप प्याला त्यो. माझ्या हातानं पाजला म्या.

जाईबाई : पाजलात. बाकीच्यांनी तेवढंबी केलं न्हाई.

रखमाजी : साखरेची बरणी हाताशी होती, बाई. हाताशी.

जाईबाई : परवा भोरला जबानी हाय. जमादारानं कागदावर लिवलंय, ड्रायव्हर दारूच्या नशेत होता. तितं येऊन सांगा.

रखमाजी : सांगतो. वास न्हवता म्हणून सांगतो. आजार होता, तेबी सांगतो. चहाचं मातुर...

जाईबाई : चहाचंबी सांगायचं.

रखमाजी : त्यानं सोनबा माघारी येणार हाय का?

जाईबाई : न्हाई येणार. झाकून झाकूनच गेला माझा माणूस. त्यांनी पोटापायी झाकलं, म्या शपथंपायी. आता तुमी अब्रूपायी झाका. मग उद्या दुसरा कोण ड्रायव्हर आसाच कुणाच्या दारात पडंल, आन् तितं परत लिंबू पिळत्याल.

रखमाजी : आवो, लोक हितं चहा प्यायला येतील आन् रोज तेच उकरून काढतील. ड्रायव्हर मारला तो ह्योच, म्हणतील.

जाईबाई : येतील तरी. दारुड्याची बायको म्हणून माझ्या दारात शिव्या द्यायलासुदिक कुणी येत न्हाई.