आईचा मजकूर मी खालून कापायचो

पाळकसाहेब, मंडळीतल्या बंधुभगिनींनो, टेमघरच्या आमच्या इमारतीतल्या शेजाऱ्यांनो, तुम्ही सगळे आलात. मी रोज बातम्या लिहितो, पण आज चार वाक्यं बोलणं जड जातंय. जे सांगायचं ठरवलंय ते आधीच सांगतो. नाही तर धीर होणार नाही.

गेल्या आठवड्यात आई गेली, तेव्हा डॉक्टरांनी पप्पांना आणि मला समोर बसवलं. म्हणाले, "रूथबाईंच्या हृदयाची एक झडप अरुंद झाली होती. हे एका दिवसात होत नाही. निदान वर्षभर त्यांना जिना चढताना धाप लागत असणार. घरात कुणाला कळलं नाही?"

पप्पा "नाही" म्हणाले. ते सकाळी आठला पूर्णा गावातल्या गोदामात कामावर जातात, त्यांना कसं कळणार? पण मला कळवलेलं होतं. दर महिन्याला. लेखी.

तुम्ही आईचं सदर वाचत होतात. आपल्या मंडळीच्या मासिक पत्रकात, मागच्या पानावर, अर्ध्या जागेत. या महिन्यात काय वाचलं आणि काय आवडलं. ती कॅलेंडरच्या फाडलेल्या पानांमागं लिहायची. मी ठाण्याहून रविवारी यायचो, उपासनेनंतर जेवायचो, आणि तिचा कागद घेऊन जायचो. टाइप करायचो. दोनशे शब्दांत बसवायचो.

तिचे शेरे तुम्हाला पाठ आहेत. एका जाड कादंबरीबद्दल तिनं लिहिलं होतं, "नवरा मरतो तिथून पुस्तक चांगलं होतं." पप्पा म्हणाले, "हे छापू नका, लोक माझ्याकडं बघतात." आम्ही छापलं. लोकांनी पप्पांकडं बघितलं. मधमाश्या पाळणाऱ्या एका माणसाच्या आठवणी तिला इतक्या आवडल्या, की महिनाभर ती बाल्कनीत आलेल्या माशीशीसुद्धा आदरानं वागली. नातीसाठी आणलेलं चित्रांचं पुस्तक तिनं तीनदा वाचलं आणि मग नातीला दिलं. आपल्या भगिनी मंडळातल्या शांतामावशींना ती रहस्यकथेतला खुनी आधीच सांगून टाकायची. म्हणायची, "शांता, आता तू निवांत वाच."

हे सगळं वरचं होतं. पुस्तकांचं. त्याखाली ती आणखी लिहायची. महिन्यातले लहान लहान आनंद. ते तुम्ही कधी वाचले नाहीत. कारण ते मी कापायचो.

आमच्या कामात जागा कमी पडली की बातमी खालून कापतात. महत्त्वाचं वर असतं, शेवटी उरलंसुरलं असतं. हात तसाच चालतो. पंधरा वर्षं तसाच चाललाय. आणि आई महत्त्वाचं शेवटी लिहायची. ती संकोची होती. आधी पुस्तकं, आधी दुसऱ्यांचं. स्वतःचं सगळ्यात खाली.

मी तिला एकदा म्हटलंसुद्धा, "आई, पुस्तकांचंच लिही गं. जिन्याचं कोण वाचणार?"

ती म्हणाली, "तुझ्या हातात बायबलमधली चार शुभवर्तमानं दिली असती, तर एकच उरलं असतं."

मी हसलो. तीही हसली. आणि मी जिना कापला.

मूळ कागद आम्ही टाकत नाही. तेवढी एक चांगली सवय मला आहे. दफनविधी झाल्यावर मी ते काढून एकापाठोपाठ वाचले. त्यातले तीन तुम्हाला वाचून दाखवतो.

पहिला. "दुसऱ्या मजल्यावर थांबलं की समोरच्या कापड कारखान्यातले लूम ऐकू येतात. त्यांतला एक मधेच लंगडतो. मीही तिथंच थांबते, त्यामुळे आमची ओळख झाली आहे."

दुसरा, त्यानंतर चार महिन्यांनी. "अन्सारी चाचांनी माझ्यासाठी जिन्यात स्टूल ठेवलं. देव त्यांचं भलं करो. बसल्या बसल्या दोन पानं होतात."

आणि हा शेवटचा. "आता पहिल्या मजल्यावरही थांबते. तिथल्या घरात डाळीला फोडणी बसत असते, लसणाचा वास येतो. या महिन्यात एक अख्खं पुस्तक जिन्यावरच वाचून झालं."

अख्खं पुस्तक, मंडळी. चार मजल्यांच्या जिन्यावर.

हा कागद मी हातात घेतला होता. हेच वाक्य वाचलं होतं. मला ते आवडलंही होतं. शब्द मोजले, बावीस जास्त भरले, आणि हे शेवटचं वाक्य, त्याच्या आधीचं एक, असं करत खालून काढून टाकलं. ते स्टूलही मी पाहिलं होतं. दर रविवारी त्याला वळसा घालून वर जात होतो. हे कुणी आणि कुणासाठी ठेवलंय, असं एकदाही विचारलं नाही. बाहेर दिवसभर लोकांना प्रश्न विचारणारा माणूस मी.

आमचे शेजारी अन्सारी चाचा मागं बसलेत. दोन दिवसांपूर्वी मी त्यांच्याकडं गेलो. म्हटलं, "चाचा, आपने हमें बताया क्यों नहीं?" ते म्हणाले, "बेटा, मैंने सोचा घर में तो मालूम ही होगा. अम्मा तो सब लिखती थीं."

तिनं सरळ का नाही सांगितलं? हा प्रश्न मला आठवडाभर सोडत नाही. शांतामावशींचं म्हणणं, सांगितलं असतं तर आम्ही तिला खाली उतरू दिलं नसतं. वाचनालय बंद, भगिनी मंडळ बंद. असेलही. पण मला वाटतं, तिनं सरळच सांगितलं होतं. तिच्या पद्धतीनं. तक्रार म्हणून सांगायला तिला जमत नव्हतं, म्हणून आनंद म्हणून सांगितलं. ते आजारपण आहे हे तिला तरी कळलं होतं का, हे मला आता कधीच कळणार नाही.

वेळेवर तपासलं असतं तर आई वाचली असती का? डॉक्टर म्हणाले, "सांगता येत नाही." मी त्यांना पुन्हा विचारलं. ते पुन्हा तेच म्हणाले. तुम्ही मला समजवायला याल, 'तुझा दोष नाही' म्हणाल. तुमचं प्रेम मला कळतं. पण आज ते म्हणू नका.

पुढच्या पत्रकात आईचं शेवटचं लिखाण येईल. पाळकसाहेबांनी मागचं अख्खं पान दिलं आहे. मजकूर शांतामावशी बघतील. मी त्याला हात लावणार नाही.

काल संध्याकाळी मी ते सगळे कागद पप्पांपुढं ठेवले. त्यांनी चष्मा लावून वाचले, घडी घातली, खिशात ठेवले. तेव्हापासून ते माझ्याशी बोलले नव्हते. आज सकाळी मी म्हटलं, "पप्पा, गुरुवारी तुम्हाला तपासणीला न्यायचंय. याल ना?"

ते म्हणाले, "येतो. पण तिथं मला काय होतंय ते मी सांगेन. सगळं सांगेन. मी बोलत असताना मधे तोडू नकोस."

गुरुवारी दहा वाजता आम्ही जाणार आहोत.

आता आपण आईसाठी शांत उभे राहू या. किती वेळ, ते मी सांगत नाही. पप्पा बसले की आपण बसू.