सोसायटीची पिकनिक आणि पोटावरचा बार

मला आता वाटतं, आमच्या सोसायटीने पिकनिकला मला नेलं ते बॅगा सांभाळायलाच.

भाईंदरहून बसने पार्कात पोचलो. पहिल्याच राईडमध्ये बसले, तर पोटावरचा लोखंडी बार काही लागेना. ऑपरेटर म्हणाला, "मॅडम, लॉक नहीं हो रहा." मी म्हटलं, "दिख रहा है, भैया."

मागून आमचे सेक्रेटरी सावंत ओरडले, "वहिनी, श्वास आत घ्या आणि धरून ठेवा."

घेतला. माझ्याबरोबर अख्ख्या रांगेने श्वास धरला. एवढी एकी सोसायटीच्या मीटिंगमध्ये कधी दिसली नाही. बार तरीही लागला नाही. मग मी उतरले आणि सगळ्यांच्या बॅगा, शिवाय शहाभाभींचा ठेपल्यांचा डबा मांडीवर घेऊन बाकावर बसले.

तासाभराने सावंत धापा टाकत आले. पाण्याच्या घसरगुंडीवर चौघांच्या ट्यूबला म्हणे ठरावीक वजन लागतं, आणि सावंत, त्यांची बायको आणि मुलगी मिळूनही ते भरत नव्हतं.

"वहिनी, तुम्ही बसलात तरच आम्हाला सोडतायत."

मी डब्यातला ठेपला शांतपणे संपवला.

"भाऊजी, तिघंही श्वास आत घ्या आणि धरून ठेवा. बघा, वाढतंय का वजन."