पाठीवरची राणी

नाही, नाही, वळू नका सर – तसेच उभे राहा, खांदे सैल सोडा, हात खाली. हां. आता हलायचं नाही, रंगाचा शेवटचा हात आत्ताच दिलाय, ओला आहे. वाळवते मी, हा केसांचा ड्रायर आहे ना, त्यानंच. गरम लागलं तर सांगा, पण वळू नका. शेवटचा हात मी कायम माणसाच्या अंगावरच देते – कातडं म्हणजे भिंत नव्हे, टेबलावर पसरलं की वेगळं दिसतं, पाठीवर चढलं की वेगळं, खांद्याची हाडं कुठे वर येतात ते बघून रेघ सरकवावी लागते. काय म्हणालात? आरसा? आरसा नाहीये. होता, काल समोर त्या खिळ्यावर होता, आज काढून ठेवलाय. असू दे की. तुमच्याकडची पद्धतच आहे ना ती – जॅकेट मागून चढवायचं, डोळे मिटायला लावायचे आणि घरी पोहोचेपर्यंत काढू द्यायचं नाही? मला कशी माहीत? सांगते ना. घाई काय आहे, गाडी उभी आहे बाहेर, तुमची पोरं तुम्हाला घेतल्याशिवाय थोडीच जाणार आहेत. निरोपाचा कार्यक्रम तुमचा, तुमच्याशिवाय सुरू कसा होईल?

दुकान लहान आहे, खरंय. मामाचं आहे. मामा पूर्वी चामड्याच्या पिशव्या आणि पट्टे शिवायचा, मी चित्रकलेचं कॉलेज संपवून आले आणि म्हटलं, मामा, अर्धं टेबल मला दे. तो म्हणाला, जॅकेटवर बायका काढणार? यासाठी शिकवलं तुला? आता तोच गिऱ्हाइकांना कौतुकानं दाखवतो – ही आमची भाची, विमानाच्या नाकावर काढतात ना चित्रं, तसली पाठीवर काढते. शार्क काढते, वाघ काढते, पत्त्यातली राणी काढते, पंख फुटलेलं डुक्कर काढलं परवा, फार गोड झालं. आणि हो, पिन-अप बायका पण काढते, मला त्यात काही वावगं वाटत नाही, तोकडे कपडे बघून दचकणाऱ्यातली मी नाही. माझी अट एकच. जिचा चेहरा, तिनं स्वतः इथे येऊन या स्टुलावर बसायचं. फोटो चालणार नाही, 'माझी मैत्रीण आहे, तिला चालेल' चालणार नाही. तिनं यायचं, बसायचं आणि स्वतःच्या तोंडानं सांगायचं, मला असं काढ. मामा म्हणतो, अशानं दुकान बुडेल. बुडू दे. एक आजी आल्या होत्या, सत्तरीच्या पुढच्या, आजोबांच्या जॅकेटवर स्वतःला काढून घ्यायला – आजोबा बिचारे इथे लाजून छताकडे बघत बसलेले – आणि आजी म्हणतात, कंबर जरा आत घे, पण सुरकुत्यांना हात लावलास तर याद राख! असं चित्र काढायला मजा येते, सर. बाई स्वतः हसत असते त्यात.

मग तुमची पोरं आली. तिघं होती, चांगल्या घरची मुलं, दादा-ताई करत बोलणारी. म्हणाली, आमचे सर निवृत्त होतायत, आख्ख्या फ्लाइंग स्कूलचा जीव आहे त्यांच्यावर, त्यांना जॅकेट द्यायचंय. आणि एक जुना फोटो काढला खिशातून. शिकाऊ विमान, समोर मुलांची रांग, मध्ये तुम्ही, केस काळे, आणि विमानाच्या नाकावर एक बाई, बॉम्बवर पाय दुमडून बसलेली, निळा स्विमसूट, एक हात डोक्यामागे. खाली अक्षरं – राणी. हीच हवी, म्हणाली, जशीच्या तशी, ही आमच्या शाळेची जुनी राणी आहे, नशीब घेऊन येते. मी माझी अट सांगितली, तर हसायला लागली – अहो ताई, ही कुणी खरी बाई नाहीये, चित्रच आहे ते!

मी भिंग लावून बघितलं. वरच्या ओठाच्या डाव्या बाजूला तीळ. पुढचा एक दात दुसऱ्यावर किंचित चढलेला. आणि तुमचा हात, सर, तिच्या गुडघ्यावर – म्हणजे रंगवलेल्या गुडघ्यावर, पत्र्यावर, पण ठेवलेला अगदी आपलाच असल्यासारखा.

हलू नका म्हटलं ना.

खरी आहे ती. दोन चौक पलीकडे चष्म्याच्या दुकानात बसते, लोकांचे डोळे तपासते. माझी मोठी बहीण. विमान वरून गेलं की रस्त्यावरची माणसं मान वर करतात, ती करत नाही, हातातली काच पुसत नुसत्या आवाजावरून सांगते कुठलं इंजिन आहे ते, आणि सांगून झालं की चेहरा असा करते जणू काही बोललीच नाही. आठवली? तुमच्या त्या तुकडीत एकच मुलगी होती, विसरायला अवघड नाही. फोटोत ती नाहीये – म्हणजे रांगेत नाहीये.

'गंमत होती'? बरं. गंमत सांगते तुम्हाला. ताईनं पहिल्यांदा एकटीनं विमान वर नेलं आणि नीट खाली आणलं, तो दिवस. तुमच्या पद्धतीप्रमाणे सगळी मुलं दोन बाजूंना उभी, ती विमानातून उतरली, तुम्ही म्हणालात डोळे मीट, आणि मागून जॅकेट चढवलंत. टाळ्या. ताई सांगायची, मला वाटलं माझ्या आयुष्यात एवढ्या जोरात टाळ्या कधी वाजणार नाहीत. टाळ्या तिच्यासाठी नव्हत्याच, तिच्या पाठीवरच्या राणीसाठी होत्या. मुलांच्या जॅकेटवर ती कधीपासूनच होती, पण तिच्यासमोर कुणी पाठ करायचं नाही असं ठरलेलं, आणि विमानाचं नाक त्याच दिवशी सकाळी रंगवलेलं, वर ताडपत्री. सगळ्यांना माहीत होतं, तिला सोडून. मग ती ते जॅकेट घालून ऑफिसात गेली, कँटीनमध्ये गेली, सगळ्यांशी हात मिळवले, बसनं घरी आली. घरी पोहोचेपर्यंत काढायचं नाही ना! बसमध्ये मागची दोन पोरं खिदळत होती, तिला वाटलं, आपल्या आनंदाकडे बघून हसतायत. तीही हसली त्यांच्याकडे बघून. स्टॉपपासून घरापर्यंत चालत आली, कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला, शेजारच्या काकू, सगळ्यांना सांगत – मी एकटीनं उडवलं, मी एकटीनं उडवलं. मी शाळेतून आलेले, धावत जाऊन तिच्या कमरेला मिठी मारली. आणि ती बूट काढायला वाकली तेव्हा आईनं बघितलं. टेबलावरची चादर ओढली आणि तिच्या पाठीवर टाकली, जळणाऱ्या माणसाच्या अंगावर टाकतात तशी. ताई विचारते, काय झालं, आई? काय झालं?

ती आली होती दुसऱ्या दिवशी तुमच्याकडे. दारातच उभं ठेवलंत. काय म्हणालात ते आठवतं? मला पाठ आहे, घरात इतक्यांदा ऐकलंय – 'अगं, एवढं काय मनाला लावून घेतेस, हसून सोडून दे. वर गेल्यावर वारं असं विचारून येत नाही.' वाऱ्याचा काय संबंध, सर? वारं होतं का ते? तुम्ही पेंटरला तिचा फोटो दिलात – प्रवेशाच्या वेळी शाळेनं काढून घेतलेला. पुढचे काही आठवडे ती जात राहिली, जिद्दीनं, त्याच विमानात बसायची, त्याच नाकामागे, आणि खिडकीतून मुलं शीळ घालायची. मग एकदा उतरताना हात थरथरला. एकदाच. तुम्ही म्हणालात, बायकांच्या हातात स्थिरता नसते. तिनं सोडलं. तिच्या तुकडीतली मुलं आज मोठमोठी विमानं नेतात, आणि ती दिवसभर विचारते, आता स्पष्ट दिसतंय की मघाचं बरं होतं?

मी बोलणार नव्हते हो. खरंच ठरवलं होतं, एक अक्षर बोलायचं नाही. गोड हसायचं, जॅकेट चढवायचं, दार उघडून द्यायचं. तुम्ही बाहेर गेला असता, गाडीत बसला असता, कार्यक्रमात त्या सगळ्या साहेबलोकांसमोर, बायकामुलांसमोर व्यासपीठाच्या पायऱ्या चढला असता, सगळ्यांकडे पाठ करून. पण माझ्या पोटात काही राहत नाही, ताई नेहमी म्हणते, तुझा राग तुझ्या कामाचा कधीच होत नाही, आधीच सांडतो. तिला यातलं काही माहीत नाही. तिला विचारलं असतं तर नको म्हणाली असती.

तुम्ही आहात, सर. पाठीवर. बॉम्बवर बसलेले, निळा स्विमसूट, एक हात डोक्यामागे, पाय दुमडलेले. पोट मी लपवलेलं नाही. गुडघ्यावरचे केस एकेक करून काढलेत, त्यालाच दोन दिवस गेले. चेहरा त्याच फोटोवरून घेतला आणि वय वाढवलं. आता तुम्ही चालाल ना, तर खांद्याची हाडं हलतील, आणि पाठीवरचे तुम्ही लाजल्यासारखे पाय हलवाल. खाली अक्षरं तीच. राणी.

काढा. काढा की, चेन पुढेच आहे, मी हात धरलेला नाही. तुम्हाला काढता येतंय, हा फरक लक्षात ठेवा. या, इथे उजेडात धरा. बघा नीट.

काय झालं?

हसताय?

...खरंच हसताय तुम्ही. डोळ्यांत पाणी येईपर्यंत. 'झकास' म्हणालात? 'पोट अगदी अस्सल आलंय'? म्हणजे – घालणार आहात? हेच घालून जाणार? पोरं वेडी होतील म्हणता. होतील. होतीलच, मला दिसतंय ना – शिट्ट्या, टाळ्या, आमचे सर किती दिलखुलास, स्वतःवर हसणारा माणूस! फोटो काढतील, फ्रेम करून ऑफिसात लावतील. मोठेच व्हाल तुम्ही यानं. तेच चित्र, तोच स्विमसूट, तीच अक्षरं, आणि तुमच्या अंगावर ती गंमत आहे. तिच्या अंगावर तिचं आख्खं आयुष्य संपलं, आणि तुमच्या अंगावर गंमत! तुमच्याबद्दल कुणी म्हणणार नाही, निवृत्तीनंतर आता याला तोंड दाखवायला जागा राहिली नाही. किती मूर्ख आहे मी. दोन आठवडे राबले, आणि तुमच्यासाठी सत्काराचा हार केला स्वतःच्या हातानं.

द्या ते इकडे.

द्या म्हणते ना, अजून माझं आहे, तुमच्या ताब्यात दिलेलं नाही मी. सोडा बाही. सोडा, नाहीतर फाटेल. हां. ही बाटली? नखांचं पॉलिश काढतात ना, ते ॲसिटोन, फक्त बाटली मोठी. असं फडक्यावर घ्यायचं. ओरडू नका, दुकान लहान आहे, मीही ओरडू शकते. पोरांच्या पैशांचं मी बघून घेईन. हे बघा, चेहरा गेला. नवा रंग लवकर सुटतो. हे पोट गेलं. गुडघे – माझे दोन दिवस गेले, जाऊ देत. बॉम्ब गेला. राणी... राणी पण गेली. आता नुसता डाग राहील, फिकट, वेडावाकडा, बाकीच्या कातड्याला चकाकी आहे आणि याला नाही, लांबून दिसेल की इथे काहीतरी होतं आणि कुणीतरी पुसलं. त्यावर आता मी काही काढणार नाही. आणि मामाही काढणार नाही, त्याला मेंढी काढायला सांगितली तर कुत्रा होतो.

घाला. घ्या, घाला. हे घालूनच जा कार्यक्रमाला. चित्र असतं तर सगळे हसले असते, कुणी काही विचारलं नसतं. आता विचारतील. तुम्ही सांगा काय सांगायचं ते. पेंटर वेडी होती म्हणा, रंग वाईट होता म्हणा. सांगता येईल तुम्हाला, तुम्ही बोलण्यात हुशार. फक्त दर वेळी खोटं सांगताना हा चष्म्याच्या दुकानाचा रस्ता आठवेल, एवढं बघितलंय मी. एवढंच जमलं.

घातलंत? थांबा, कुणीतरी येतंय. गाडीतून उतरलंय. मुलगी आहे? तुमच्याकडे मुली आहेत अजून? ये गं, ये, दार आत ढकल, जरा घट्ट आहे ते. सर तयार आहेत, हो. उशीर माझ्यामुळे झाला, त्यांना काही म्हणू नका बाहेर. तूही शिकतेस? अजून एकटीनं गेली नाहीस? पुढच्या आठवड्यात! अरे वा. भीती वाटते? वाटू दे, वाटलीच पाहिजे, माझी बहीण म्हणायची भीती वाटली नाही तर उतरताना चूक होते.

हो, हेच जॅकेट. सर, जरा वळा, तिला बघू द्या.

काय गं? नाही, माझ्याकडे नको बघूस. तुझ्या सरांना विचार. त्यांना सगळं माहीत आहे. – सर, ती विचारतेय, इथे कुणाचं चित्र होतं. मी गप्प बसते. सांगा तिला.