खिडकी काळी येतेय

मुलगी : बाबा, खिडकी परत काळी आली.

बाबा : खिडकीचं काय घेऊन बसलीस? आईचा चेहरा बघ. सुरकुती न् सुरकुती आली आहे.

आई : सुरकुत्यांसाठी मला मघापासून ताटकळत बसवलंय होय?

मुलगी : उद्या किल्ल्या दिल्या की ही खिडकी परक्यांची. इथे बसून आईने जन्मभर शिलाई मशीन चालवलं. तिला खिडकीसकट फोटो हवाय, आणि तुमच्या फोटोत ती कोळशाच्या वखारीत बसल्यासारखी दिसतेय.

बाबा : बाहेरचा उजेड कमी झाला त्याला मी काय करू?

मुलगी : शटर सावकाश करा. चेहऱ्यापुरता फ्लॅश आहेच. शटर जरा जास्त वेळ उघडं राहिलं की बाहेरचं झाड, गल्ली, सगळं फोटोत येतं. हे मला तुम्हीच शिकवलंत ना?

बाबा : मग गुरूची विद्या गुरूला नको. थोडा फ्लॅश वाढवतो.

मुलगी : फ्लॅशने झाड उजळणार आहे का? ते रस्त्यापलीकडे आहे. आईचं तेवढं भूत होईल.

आई : काही लाजबीज? आईला भूत म्हणते.

मुलगी : तुला हसू सुचतंय. तिकडे उजेड चाललाय. मग बसा दोघं काळोखाचे फोटो काढत.

बाबा : आवाज खाली. शेकडो लग्नांचे फोटो काढलेत मी. एकाही नवरीने तक्रार केली नाही.

मुलगी : नवरीला खिडकी नको होती. द्या तो कॅमेरा.

बाबा : नाही. या घरात हिचे फोटो मीच काढत आलोय. शेवटचाही मीच काढणार.

आई : शेवटचा काय? घर सोडतेय मी, जग नाही.

मुलगी : मग शटरचा वेग खाली आणा. आणलंत? दाखवा बघू. हे काय, परत वर नेलंत. माझी पाठ वळली की चक्र फिरवता. लहान मुलासारखं काय चाललंय बाबा?

बाबा : फोटो हललेला येतो.

मुलगी : कोण हलतंय? आई दगडासारखी बसली आहे.

बाबा : येतो म्हटलं ना.

मुलगी : मग स्टँडवर लावा.

बाबा : स्टँड सामानाबरोबर टेम्पोत गेलं.

मुलगी : धन्य आहे. फोटो काढायचाय हे माहीत असून स्टँड पाठवून दिलंत?

बाबा : मला कधी लागलं होतं स्टँड? कितीही सावकाश शटर असू दे, हातात धरून काढायचो.

मुलगी : काढायचो म्हणजे?

(बाबा कॅमेरा छातीशी धरून उभे राहतात.)

आई : पुरे गं आता. नको छळूस त्यांना.

मुलगी : बाबा, हात बघू.

बाबा : काही नाही. गारठा आहे जरा.

आई : वर्ष झालं त्या गारठ्याला. सांडू नये म्हणून चहाचा कप अर्धाच भरून देतेय मी.

बाबा : मला वाटलं, दूध पुरत नाही.

आई : दुधाला काय धाड भरली आहे? म्हटलं, सांगतील आपणहून. पण तुम्ही कसले सांगताय.

मुलगी : मला तरी सांगायचंत. मघापासून वाटेल ते बोलतेय मी तुम्हाला.

बाबा : काय सांगू? फ्लॅश मारला की हाताची थरथर दिसत नाही फोटोत. खिडकी काळी येते, ते मला कळत नाही असं वाटलं का तुला? हात गेलाय, डोळे नाहीत गेले.

आई : अहो, झाड दिसेनासं व्हायला लागलं. मला ते हवंय. तिला द्या कॅमेरा आणि इकडे या.

बाबा : मी कशाला?

आई : इथे माझ्यासमोर बसून शिवणातले फुकटचे सल्ले कोण द्यायचं? एकटी बसले तर ही खिडकी माझी वाटणार नाही मला.

बाबा : घे बाई. फ्लॅश निम्म्यावर आण. चेहरा बाहेरच्या उजेडापेक्षा थोडाच उजळ ठेव. आणि श्वास सोडून मग बटण दाब.

मुलगी : येतं मला. सरका आईजवळ. अजून. बाबा, शटर सावकाश आहे, हात हलला तर तेवढाच पुसट येईल.

आई : धरलाय मी. काढ तू.