होडीची राळ भरलेलं इंजिन

ओवीच्या इंजिनाचं मी तुम्हाला सांगितलंच नाही, नाही का? विजेवर चालणारं, पुढे-मागे लांब नाक असलेलं जुनं रेल्वे इंजिन माझ्या चौथीतल्या लेकीने पुठ्ठ्याचं केलं, तेही फोटो बघून, मोजूनमापून. अलिबागला प्रदर्शनात पोचेपर्यंत त्याचे तुकडे होणार, असं मला वाटत होतं. मला नेहमी तसंच वाटतं.

तुकडे झाले नाहीत. पण परीक्षकांनी तिने मांडलेल्या रुळाच्या वळणावर ढकलल्याबरोबर ते घसरून आडवं झालं. ओवीने उचलून पाहिलं, तर नाकांचे सांधे राळेने गच्च बुजवलेले!

मागे माझे सासरे उभे होते. आयुष्यभर होडी चालवलेला माणूस. म्हणाले, "सकाळी बघितलं तर नाक हालत व्हतं. होडीची राळ भरली. फट कोन ठेवतो काय?"

मला रडूच येणार होतं. ओवी शांतपणे म्हणाली, "आई, पिन दे."

माझ्या बांगडीत सेफ्टी पिनांचा घोस असतो. कधी काय उसवेल, सांगता येतं का? तिने राळ खरवडून काढली आणि परीक्षकांना सांगितलं, "सर, घाटात वळणावर आधी नाक वळतं, मग मागचं इंजिन. म्हणून सांधा सैल लागतो."

इतकी धीट पोरगी माझी, कुणावर गेली कोण जाणे!

पुन्हा ढकललं. इंजिन झोकात वळलं.

"शाबास! मदत कुणाची घेतलीस?"

ओवीने आजोबांचा हात धरला. "आईची पिन घेतली. आणि इंजिन बुडू नये, याची सोय आजोबांनी केली."

परीक्षक खो खो हसले. सासरे मात्र ताठ मानेने म्हणाले, "मग? बुडलं काय?"