गव्हाणीतलं अस्वल

मुलगी : बाबा, आधी त्या कापडी अस्वलावरचा हात काढा! काचेपलीकडून लोक बघतायत.

वडील : बघू देत की. त्यांनाही कळू दे, गव्हाणीत अस्वल कुणी निजवलं ते.

मुलगी : मी निजवलं. झालं समाधान? रिकामी गव्हाण बरी दिसत नाही म्हणाले सगळे.

वडील : नाताळच्या रात्रीपर्यंत ती रिकामीच असते! चर्चमध्ये लहानपणापासून बघत आलीस ना? बाळ सगळ्यात शेवटी येतं. तोवर वाट बघायची, तोच तर सण.

मुलगी : इथे कुणी वाट बघत नाही, बाबा. हे खेळण्यांचं दुकान आहे.

वडील : मग गोठा मागितलास कशाला? ‘बाबा, दुकानाची खिडकी पहिल्यांदाच मी सजवतेय, सगळं शहर बघेल.’ लागला सुतार बाप हुरळायला! मरिया, योसेफ, मेंढरं, सगळी तुझ्या आईनं रंगवलेली. आणि त्या मेंढराच्या गळ्यात हे काय? ‘दोनावर एक फुकट’?

मुलगी : ते मी नाही लावलं.

वडील : काढलंही नाहीस.

मुलगी : हळू बोला ना! नोकरीत अजून कायम झाले नाहीये मी.

वडील : हे बघ, बाळ आणलंय रुमालातून. आज रात्रीची नाताळची उपासना झाली की येऊन ठेवतो, एवढंच सांगायला आलो होतो.

मुलगी : रात्री... बाबा, आज दुकान बंद झालं की खिडकीतली सगळी सजावट मोडायची आहे. उद्यापासून नव्या वर्षाची सजावट.

वडील : म्हणजे बाळ यायच्या आधीच गोठा मोडणार?

मुलगी : मला कालच कळलं. तुम्हाला सांगायचा धीर होईना.

वडील : उचल. सगळं उचल, आत्ताच्या आत्ता. मी मरियेला घेतो, तू योसेफाला घे.

मॅनेजर : अगं, काय चाललंय? हे कोण?

मुलगी : माझे बाबा, मॅडम. गोठा त्यांनीच केलाय.

मॅनेजर : अय्या, काका, तुम्ही होय! फार गोड झालाय हो. पोरं काचेला नाक लावून उभी असतात.

वडील : अस्वल बघायला.

मॅनेजर : असेना का! आनंद तो आनंद.

वडील : आनंदाला माझी ना नाही, बाई. वाढदिवसाला सगळ्या गावानं नाचावं. पण ज्याचा वाढदिवस, त्याला घरात तरी घ्याल? हे बाळ ठेवू द्या. दुकान बंद होईपर्यंत.

मॅनेजर : नाही हो, काका. बाळ ठेवलं की ते धार्मिक होतं. आमच्याकडे सगळ्या धर्मांची माणसं येतात.

वडील : मग ही मरिया कोण वाटली तुम्हाला?

मॅनेजर : ती... आई आहे. आई काय, सगळ्यांचीच असते.

वडील : वा! आई चालते, लेकरू चालत नाही.

मॅनेजर : हे बघा, मला वाद नकोय. तू ऐक गं. आज दुकान बंद होईपर्यंत खिडकी आहे तशी राहायला हवी. नाहीतर उद्यापासून येऊ नकोस.

(मॅनेजर निघून जाते. काचेबाहेर गर्दी तशीच आहे.)

वडील : राहू दे, पोरी. निघतो मी.

मुलगी : आता का? मघाशी तर सगळं उचलायला निघाला होतात.

वडील : मघाशी डोकं फिरलं होतं. तुझी नोकरी घालवून कसला सण करू? प्रभूला काय हे नवीन आहे? जन्माच्या रात्रीही धर्मशाळेत जागा नाही असंच म्हणाले होते.

मुलगी : तेव्हा निदान कुणीतरी गोठा दिला होता. हे अस्वल धरा जरा.

वडील : अगं, वेड लागलं का तुला?

मुलगी : रोज सकाळी दिवे लावायला येते, तर आईची मरिया आपली अस्वलाकडे बघत बसलेली. मला बघवत नाही, बाबा. लाज वाटते. द्या ते बाळ.

वडील : पण अजून चांगला उजेड आहे गं. रात्रीशिवाय बाळ ठेवायचं नसतं. मी जन्मात कधी ठेवलं नाही.

मुलगी : रात्री गोठाच नसेल.

वडील : ...खरं आहे. जन्मताना तू तरी कुठे दिवस भरायची वाट बघितलीस? घे. हळू. मानेखाली हात धर.